होकार

"किडनी दिल्यावर तुमच्या जिवाचं काही बरंवाईट झालं तर?" डॉक्टर बारगीरांनी विचारलं.

"झालं तर झालं," मी म्हणाले.

"भीती नाही वाटत?"

"अजिबात नाही."

पेपरातलं सगळ्यात अवघड गणित एका ओळीत सुटावं तसं मला वाटलं. आता बाई सही करतील, आपण बाहेर जाऊ, आई विचारेल, "झालं का गं?" आणि मी म्हणेन, "झालं." बाहेरच्या बाकावर आई, माझा धाकटा भाऊ शिवानंद आणि त्याची बायको रेवती वाट बघत बसली होती.

डॉक्टर शमीम बारगीर कोल्हापूरच्या त्या हॉस्पिटलात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. किडनी देणाऱ्या प्रत्येकाला त्यांना भेटावंच लागे. रक्त जुळलं होतं, माझ्या दोन्ही किडन्या उत्तम होत्या, हृदय, फुप्फुसं सगळं ठीक होतं. एवढी एकच भेट उरली होती. बाई माझ्याच वयाच्या, चाळिशीला आलेल्या. आखूड केस, चष्मा डोक्यावर चढवलेला आणि बोलणं आमच्या सांगली-कोल्हापूरकडचं, थेट.

"पायाला काय झालंय?" त्यांनी पट्टीकडे बघत विचारलं.

"स्कूटरचा स्टँड लागला घोट्याला."

"कधी?"

"गणपतीच्या आधी."

दिवाळी होऊन गेली होती. त्यांनी माझे रिपोर्ट पुन्हा चाळले. "शुगर तर नाही तुम्हाला. मग भरत का नाही जखम?" मी खांदे उडवले. मग त्यांनी इतर गोष्टी विचारल्या. झोप किती लागते, जेवण जातं का. गेल्या वर्षी नागीण झाली होती, हे त्यांनी माझ्याकडूनच काढून घेतलं. कमरेपासून पोटापर्यंत फोडांचा पट्टा उठला होता, आईने त्यावर गेरू लावला होता आणि तशीच मी शाळेत जात होते. शाळेचं विचारल्यावर मी आधी "ठीक आहे" म्हणाले. पण त्या गप्पच राहिल्या, म्हणून सांगितलं, की नववीच्या वर्गात पायथागोरसचा सिद्धांत सिद्ध करताना मी फळ्यापुढे मधेच थांबले होते. पंधरा वर्षं शिकवलेला सिद्धांत. पुढची पायरीच आठवेना. मुली आधी हसल्या, मग गप्प झाल्या. शेवटी एकीने उठून सांगितलं.

"गिरिजाताई," बाई म्हणाल्या, "मी आत्ता होकार लिहू शकत नाही."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा माझा आवाज चढला. "माझा भाऊ मशीनवर जगतोय, डॉक्टर. दोन वर्षं झाली. आईला मधुमेह आहे, रेवतीचा रक्तगट जुळत नाही. मी सोडून कोण आहे त्याला?"

"माहीत आहे मला. त्याच्या डॉक्टरांशी मी बोलले आहे. डायलिसिसवर तो अजून काही महिने बरा राहू शकतो. तेवढा वेळ आहे आपल्याकडे."

"वेळ कशासाठी?"

"तुम्ही बऱ्या होण्यासाठी. तुम्हाला नैराश्य आहे. चांगलंच मुरलेलं."

"मी रोज शाळेत जाते. स्वयंपाक करते. आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिसला नेते. गेल्या दोन वर्षांत मी एकदाही रडलेली नाही."

"होय की. म्हणूनच म्हणतेय."

मी उठून उभी राहिले. "एवढंच कारण आहे?"

"अजून एक आहे. पण ते आज सांगितलं तर तुम्ही शिक्षिका आहात, पुढच्या वेळी उत्तर पाठ करून याल." त्यांनी मला हाताने खाली बसायला सांगितलं. "बसा. पाच मिनिटं ऐका. मग भांडा."

मी बसले, ते रागानेच. पण त्या बोलल्या ते माझ्या चांगलं लक्षात राहिलं. कारण कितीतरी दिवसांत मला कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं. सगळ्यांना मीच सांगत असे.

त्या म्हणाल्या, संकट आलं की शरीर कॉर्टिसॉल नावाचं रसायन रक्तात सोडतं. साप दिसला, पळालो, संपलं, एवढ्यापुरतं ते फार कामाचं. पण तुमच्या घरी साप दोन वर्षं चुलीपाशी बसून आहे. रोज तेच रसायन, रोज तीच धावपळ. मग शरीरातल्या रक्षण करणाऱ्या पेशी त्या रसायनाचं ऐकेनाशा होतात. जिथे धावून जायचं तिथे वेळेवर पोचत नाहीत, म्हणून जखम रेंगाळते. आणि जिथे गरज नाही तिथे बारीक बारीक दाह चालू ठेवतात. नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो जात नाही, मज्जातंतूंपाशी लपून राहतो. पहारा ढिला पडला की उठतो.

"आणि पायथागोरस?" मी विचारलं. आवाजात खोच होती.

"तोही त्यातच. आठवणी बसवणारा मेंदूतला एक भाग असतो, हिप्पोकॅम्पस. सततच्या ताणाने तिथल्या पेशींच्या फांद्या आखडतात. झाड असतं, पण वाळल्यासारखं. तुमची बुद्धी कुठे गेलेली नाही."

"मग गोळी घेतली की फांद्या फुटतात?"

त्या हसल्या. "इतकं सोपं असतं तर मी कधीच निवृत्त झाले असते. गोळी मेंदूतलं सेरोटोनिन वाढवते, ते लगेच. पण बरं वाटायला काही आठवडे जातात. त्या काळात पेशी नवे जोड करू लागतात असं दिसतं. प्राण्यांमध्ये ते स्पष्ट दिसलंय, माणसांत अजून शोध चालू आहे. काहींच्या रक्तातला दाहही उतरतो, काहींचा नाही. मी वचन देत नाही. पण जे बरे होतात, त्यांना मी रोज बघते."

"आणि मी गोळी घेतली नाही तर?"

"तर होकार नाही."

मी त्यांच्या हातातून चिठ्ठी जवळजवळ ओढूनच घेतली. "बरं होऊन दाखवते," मी म्हणाले. "शिवूसाठी."

"कुणासाठी का असेना. सुरुवात करा. पहिले दिवस मळमळेल. मधेच मनाने सोडायची नाही. आणि डायलिसिसची एक पाळी दुसऱ्या कुणाला तरी द्या. ही पण गोळीच आहे."

बाहेर आल्यावर आईने विचारलं, "झालं का गं?" मी सांगितलं. आईचा चेहरा उतरला. शिवानंदाने मान खाली घातली. पण क्षणभर मला तो सुटल्यासारखा दिसला. त्याचं मला फार वाईट वाटलं. वाटलं, हा आशा सोडतोय.

सांगलीला परतताना एसटीत आई माझ्या शेजारी बसली होती. जयसिंगपूर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग हळूच म्हणाली, "तू काय बोललीस तिच्यापुढं?"

"खरं तेच बोलले."

"खरं कशाला बोलायचं सगळं? बाबा गेल्यापासून तू घर ओढलंस. शिवूला शिकवलंस. तुला कसलं नैराश्य? वेड्यांच्या गोळ्या घेतेस म्हणून उद्या शाळेत कळलं तर?"

"कळू दे."

"मोठ्या डॉक्टरांनीच नको म्हटलं तर? गोळ्या खाणाऱ्या बाईची किडनी नको म्हणून?"

हे मलाही वाटत होतं. म्हणून दुसऱ्याच दिवशी मी सर्जनना फोन केला. ते म्हणाले, गोळ्यांची अडचण नाही, तब्येत स्थिर हवी. बारगीर मॅडम हो म्हणाल्या की आम्ही तयार. मग मी आईचं ऐकणं बंद केलं.

पहिले दिवस वाईट गेले. सकाळी चहाचा वास आला तरी पोटात ढवळायचं. तोंडाला कोरड पडायची, हात थरथरायचे, झोप होती तीही गेली. वर्गात खडू दोनदा हातातून पडला. आई माझ्याकडे बघून म्हणायची, "सोड त्या गोळ्या, आधी बरी होतीस." मी गोळी तिच्यासमोरच घ्यायची, पाण्याचा तांब्या खाली ठेवायची आणि शाळेत जायची. मला गोळीवर विश्वास नव्हता. राग होता. कुणीतरी मला नापास केलं होतं, आणि मी आयुष्यात कधी नापास झाले नव्हते.

डायलिसिसची पाळी सोडणं त्याहून कठीण गेलं. रेवती गुरुवारी जाते म्हणाली. मी तिला डब्यात काय द्यायचं, त्याने पाणी किती प्यायचं, कुठल्या हाताला सुई लावतात, सगळं परत परत सांगत राहिले. शेवटी ती म्हणाली, "ताई, तो माझा नवरा आहे. मला येतं." तिचा आवाज चिडका नव्हता. मी डबा तिच्या हातात दिला. दोन वर्षांत तिला मी एकदाही एकटीला जाऊ दिलं नव्हतं, हे त्यावेळी प्रथमच माझ्या ध्यानात आलं.

त्या गुरुवारी दुपारी मला करायला काहीच नव्हतं. मी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसले. नुसती बसले. मग दर गुरुवारी जाऊ लागले, पुढे सकाळीही चालायला जाऊ लागले.

बरं वाटणं एकदम आलं नाही. आधी झोप आली. एका रविवारी मी जेवल्यावर आडवी झाले ती आईने दिवेलागणीला उठवलं तेव्हा जागी झाले. मग एकदा रेवतीने केलेली शेंगांची आमटी खाताना तिला चव आहे असं जाणवलं. मी परत वाढून घेतली. रेवती बघतच राहिली. घोट्याची जखम कडेने गुलाबी होऊ लागली, मग तिच्यावर खपली धरली. ते गोळीमुळे, झोपेमुळे की गुरुवारमुळे, मला सांगता येणार नाही. बारगीर बाईंनीही सांगितलं नाही. दर महिन्याला मी त्यांना भेटत होते. त्या वजन बघायच्या, गप्पा मारायच्या आणि म्हणायच्या, "अजून नाही."

"अजून काय हवंय?" मी एकदा चिडून विचारलं. "झोपते, जेवते, वर्गात सगळं आठवतं."

"येईल ते," त्या म्हणाल्या. "आलं की तुम्हालाच कळेल."

आणि ते आलं. मार्च महिन्यातली गोष्ट. सकाळी आंघोळ करताना साबण लावता लावता माझा हात डाव्या कुशीवर गेला आणि तिथेच थांबला. इथून कापणार, असा विचार मनात आला. हा विचार मी याआधी कितीदा तरी केला होता, पण तो अंगाला लागला नव्हता. आता लागला. मी तशीच ओल्या फरशीवर बसले. भूल दिली आणि जाग आलीच नाही तर? उरलेली एक किडनी पुढे खराब झाली तर? मला हंपी बघायची होती. कॉलेजात असल्यापासून बघायची होती आणि कितीतरी वर्षांत तिची आठवणही झाली नव्हती. मी मेले तर हंपी राहील, असलं काहीतरी वेड्यासारखं मनात आलं आणि मला रडू फुटलं. बाहेरून आई दार वाजवत होती.

त्या दिवसापासून भीती जाईना. शिवानंद समोर दिसला की मी नजर चुकवायची. त्याचा चेहरा सुजलेला, हातावर सुयांनी फुगलेली शीर. तो पाण्याचा घोट मोजून पितोय, आणि मी माझा जीव धरून बसलेय. मला माझीच किळस आली. दुखणं परत उलटलं अशी माझी खात्री झाली.

आईला मी सांगितलं. तिने निवडायला घेतलेली मेथी बाजूला सारली. मग म्हणाली, "बाईंना सांगू नकोस हां. भीती वाटते म्हणालीस तर परत नापास करतील. मागं म्हणालीस तसंच म्हण. काही वाटत नाही म्हण."

"बरं," मी म्हणाले.

एसटीत मी तेच वाक्य घोळवत गेले. बाईंच्या खोलीत गेले, खुर्चीत बसले. त्यांनी नेहमीसारखी झोपेची, जेवणाची चौकशी केली. मी नीट उत्तरं दिली. मग त्या म्हणाल्या, "आणि ऑपरेशनचं? काय वाटतं?"

वाक्य तयार होतं. ते तोंडाशी आलंही. पण मला एकदम माझी एक विद्यार्थिनी आठवली, शेजारणीच्या वहीतून उत्तर उतरवून घेणारी आणि मग मी "कसं आलं?" विचारल्यावर गोरीमोरी होणारी. हे मी करणार नाही, असं मनात आलं. नापास तर नापास.

"मला फार भीती वाटते," मी म्हणाले. "रोज वाटते. टेबलावर मरेन असं वाटतं. मला मरायचं नाही, डॉक्टर. माझा भाऊ असा झालाय आणि मला हंपीला जायचंय. मी आधी अशी नव्हते. गोळ्या कमी पडताहेत का? वाढवून द्या. पण मला नापास करू नका."

बारगीर बाईंनी डोक्यावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचे डोळे पाणावले होते, हे मला स्पष्ट दिसलं.

"किती उशीर लावलात," त्या म्हणाल्या. "याचीच तर वाट बघत होते मी."

"कशाची?"

"ह्या भीतीची. पहिल्या दिवशी मी विचारलं, जिवाचं बरंवाईट झालं तर? तुम्ही म्हणालात, झालं तर झालं. ते धैर्य नव्हतं, गिरिजाताई. तुम्हाला स्वतःच्या जिवाचं काही वाटतच नव्हतं. ज्या माणसाला आपला जीव नकोसा आहे, त्याच्याकडून मी किडनी कशी घेऊ? ते देणं नव्हतं, टाकून देणं होतं. हे तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही घाबरल्याचं नाटक केलं असतं."

मी टेबलावरच्या त्यांच्या चष्म्याकडे बघत राहिले.

"आता तुमच्याकडे देण्यासारखं काहीतरी आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे आता तुम्ही नाही म्हणू शकता. आणि नाही म्हणालात तर या खोलीबाहेर कुणाला कळणार नाही. घरच्यांना एवढंच सांगू, की वैद्यकीय कारणाने जमत नाही. आई नाही, भाऊ नाही, कुणी तुम्हाला बोल लावू शकणार नाही. आज उत्तर देऊ नका. घरी जा."

"आणि भीती?"

"राहू दे. तिला घेऊनच विचार करा. एक सांगू? भावाशी बोला. तुम्ही दोघं या गोष्टीवर एकदा तरी बोलला आहात का?"

मी आठवून बघितलं. रिपोर्ट जुळले त्या संध्याकाळी आई शेजारणीला म्हणाली होती, "गिरिजा देणार." तेव्हापासून ते तसंच चालत आलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मला कुणी विचारलं नाही हे मलाही जाणवलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी डायलिसिसला न्यायची पाळी रेवतीची होती. मी तिला म्हटलं, "आज मी जाते. मला त्याच्याशी बोलायचंय." तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि डबा माझ्या हातात दिला.

शिवानंद मशीनला लावलेला होता. नळीतून त्याचं रक्त बाहेर येऊन मशीनमधून परत आत जात होतं. मी स्टूल ओढून बसले. आम्ही आधी शाळेचं बोललो, मग क्रिकेटचं. मग मी म्हणाले, "शिवू, मला ऑपरेशनची भीती वाटते."

त्याने मान वळवली. मला वाटलं होतं, त्याचा चेहरा पडेल. त्याने मोकळ्या हाताने माझं मनगट पकडलं.

"ताई," तो म्हणाला, "देवाशपथ, मला वाटायचं तुला काही वाटतच नाही."

"म्हणजे?"

"तू हो म्हणायचीस ना, ते पोरं हजेरीला 'हजर' म्हणतात तसं. नुसतं तोंडाने. जखम वाहतेय, तू शाळेत. नागीण झालीय, तू मला घेऊन इथं. तुझ्याकडे बघून मला वाटायचं, ही तर माझ्याही आधी चाललीय. आणि हिचीच किडनी घेऊन मी जगायचं? त्या दिवशी बाईंनी नाही म्हटलं तेव्हा मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. आईसमोर बोलता येईना."

मला त्याचा त्या दिवशीचा चेहरा आठवला. आशा सोडतोय असं मी समजले होते.

"मग मला कधी बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? तू दे म्हणू, का देऊ नको म्हणू? विचारायलाच धीर होत नव्हता." तो थांबला. मशीन एका लयीत घरघरत होतं. "आता विचारतो. तू देशील का, ताई? नाही म्हणालीस तरी चालेल. असं उगाच म्हणत नाही. किडनीसाठी सरकारी यादीत नाव आहे माझं, डायलिसिस चालू आहे. तू नाही म्हणालीस तर मी आईला सांगेन, मीच नको म्हणालो."

कुणीतरी पहिल्यांदाच विचारलं होतं. पण मी लगेच हो म्हणाले नाही. एरवी म्हणाले असते.

"मला रविवारपर्यंत वेळ दे," मी म्हणाले.

"घे की."

मी रविवारपर्यंत भरपूर विचार केला. घाटावर चालताना केला, वर्गात मुली उदाहरण सोडवत असताना केला. सर्जनना फोन करून एका किडनीवर माणसं कशी जगतात ते विचारलं, धोका किती तेही विचारलं आणि त्यांनी सांगितलेलं ऐकून पुन्हा घाबरले. नाही म्हणण्याचा सराव करून बघितला. नाही म्हणता येत होतं. ते शब्द तोंडात सहज बसत होते. ते कळल्यावर मला मोकळं वाटलं. आणि त्या मोकळेपणात बघितलं तेव्हा शिवानंद मला माझ्यावर पडलेलं काम वाटला नाही. माझा भाऊ वाटला. सायकल शिकवताना मी सोडून दिल्यावर थेट भाजीवालीच्या टोपल्यात जाऊन पडलेला.

रविवारी सगळे जेवायला बसल्यावर मी सांगितलं. "मी देणार आहे. मला भीती वाटते, तरी देणार आहे. मेच्या सुट्टीत करू. पण माझ्याही अटी आहेत."

आईचा घास हातातच राहिला. "अटी कसल्या गं?"

"ऑपरेशननंतर मी बरी होईपर्यंत कामाला हात लावणार नाही. आईचं आणि शिवूचं रेवती बघेल, मदतीला आपल्या मावशीला बोलावू, आणि माझंही त्याच बघतील. माझ्या गोळ्या डॉक्टर सांगतील तोवर चालू राहतील, आणि त्यांना या घरात कुणी वेड्यांच्या गोळ्या म्हणायचं नाही. आणि सगळं नीट झालं की मी हंपीला जाणार. एकटी."

मग आई उठली. मला वाटलं, रागावली. ती स्वयंपाकघरातून तुपाची वाटी घेऊन आली आणि माझ्या भातावर तूप वाढलं. वाढताना तिचा हात माझ्या डोक्यावरून फिरला. "मी तुला विचारायला पाहिजे होतं," ती म्हणाली. एवढंच. पण आईकडून एवढं फार होतं.

पुढचं थोडक्यात सांगते. बारगीर बाईंनी होकार लिहिला. अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे मला विचारलं, कुणाच्या दबावाने देताय का, आणि मी नाही म्हणाले ते खरं होतं. ऑपरेशनच्या सकाळी माझे दात वाजत होते. भूल देणाऱ्या डॉक्टरांना मी इतके प्रश्न विचारले की ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या वर्गात बसल्यासारखं वाटतंय." पुढे माझ्या गोळ्या बाईंनीच हळूहळू कमी करत बंद केल्या. आई गेली त्या वर्षी मला त्या पुन्हा लागल्या, आणि मी वेळ न घालवता घेतल्या. शिवानंद आजही नोकरीवर जातो. त्याच्या औषधांचं काम अगदी उलटं. माझी किडनी परकी समजून त्याच्या शरीराने तिच्यावर हल्ला करू नये, म्हणून त्याची प्रतिकारशक्ती दाबून ठेवावी लागते. त्यामुळे त्याला जपावं लागतं. तो जपतो.

पण माझ्या डोळ्यांपुढे कायम राहिलाय तो ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस. सिस्टर म्हणाल्या, "आज बसा, उद्या चालू." मी म्हणाले, "आजच चालते." रेवतीने आणि त्यांनी मला दोन्हीकडून धरलं. प्रत्येक पावलाला कुशीत कळ उठत होती. व्हरांड्याच्या टोकाला शिवानंदाची खोली होती. संसर्ग होऊ नये म्हणून आत कुणाला सोडत नव्हते, पण दाराला मोठी काच होती. मी त्या काचेला हात टेकवून उभी राहिले. तो पलंगावर अर्धवट बसलेला होता. सूज उतरून त्याचा चेहरा ओळखीचा दिसत होता. त्याने मला बघितलं आणि खुणेने फोन कर म्हणाला. रेवतीने तिचा मोबाइल माझ्या कानाला लावला.

"दुखतंय का गं, ताई?"

"दुखतंय की. भयंकर दुखतंय."

"मलापण," तो म्हणाला. "पण तुझी किडनी भारी आहे. सकाळपासून लघवीच्या पिशव्या भरतेय. डॉक्टर म्हणाले, बहीण शिक्षिका आहे का, एवढी शिस्तीत चाललीय."

मला हसू फुटलं आणि टाक्यांत अशी काही कळ गेली की डोळ्यांपुढे तारे चमकले. "हसवू नको रे!" मी ओरडले. काचेपलीकडे तोही पोट धरून वाकला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. सिस्टर घाबरून म्हणाल्या, "बस झालं, परत फिरा आता."

"एक मिनिट," मी म्हणाले. काचेवर हात तसाच ठेवून मी श्वास आत घेतला, पूर्ण घेतला, दुखलं तिथपर्यंत घेतला. मग त्या दोघींचे हात सोडले आणि भिंतीला धरत माझ्या पायांनी परत आले.